आमची वाडी नॉर्वेला जाऊन आली

अलिबागकडे जमीन मोजायची म्हटलं की आधी माणसं जमतात, मग चहा येतो आणि सगळ्यात शेवटी मोजणीचं सामान येतं. आमच्या अष्टागरात, म्हणजे थळ-किहीमपासून चौल-रेवदंड्यापर्यंतच्या नारळी-पोफळीच्या पट्ट्यात, प्रत्येक वाडीला तीन क्षेत्रफळं असतात. एक सातबाऱ्यावरचं, एक कुंपणाच्या आतलं आणि एक मालकाच्या बोलण्यातलं. तिन्ही जुळतात अशी वाडी माझ्या पाहण्यात नाही. असती तर अलिबागच्या कोर्टासमोरच्या टपरीवर इतका चहा खपला नसता.

पूर्वी हिशेब सरळ होता. ३३ फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. साखळी ओढणारा जेवून आला असेल तर ताणून धरायचा, उपाशी असेल तर सैल सोडायचा, आणि या ताणलेल्या-सैल कड्यांच्या फरकावर दोन-दोन पिढ्यांचा अबोला चालायचा. आता भूमी अभिलेखवाले रोव्हर घेऊन येतात. तो उपग्रहांशी बोलतो. राज्यभर उभारलेल्या कायमस्वरूपी केंद्रांकडून दुरुस्ती मागवून घेतो आणि काही सेंटिमीटरच्या आत बिंदू सांगतो. अबोला मात्र पूर्वीइतकाच टिकतो. यंत्राची अचूकता वाढली म्हणून भाऊबंदकी कमी होत नाही, उलट पूर्वी हातभर जागेसाठी भांडणारी माणसं आता पाच सेंटिमीटरसाठी भांडू शकतात.

माझा भाचा पुण्यात नकाशांच्याच कामात असतो. शिमग्याला आला तेव्हा त्याच्या सॅकमध्ये ड्रोन होता. आमच्याकडे ड्रोनचा अर्थ एकच, प्री-वेडिंग. काशीदच्या किनाऱ्यावर किंवा रेवदंड्याच्या कोटात मधमाशीसारखं काही गुणगुणलं की खाली घेरदार गाऊन वाळूतून फरफटत चाललेला असतो. त्यामुळे ड्रोन वाडीवर चढला तशा शेजारच्या ओट्यावरून पहिला प्रश्न आला, "कुणाचं जमलं रे?" लग्नाचं नाही, वाडीचा नकाशा करायचा आहे, असं सांगितल्याबरोबर सगळ्यांचं हसू मावळलं आणि गर्दी दुप्पट झाली.

ड्रोन पाव किलोच्या आतला होता. हे मुद्दाम सांगतो, कारण कायद्याची सगळी मेख त्या पाव किलोत आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनी २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला 'नॅनो' म्हटलं आणि तो उडवणाऱ्याला परवान्याच्या कटकटीतून सोडवलं. देशाच्या आकाशाचेही लाल, पिवळा, हिरवा असे भाग पाडले. हिरव्यात साधारण ४०० फुटांपर्यंत जा, पिवळ्यात विचारून जा, लालमध्ये केंद्राच्या परवानगीशिवाय जाऊच नका. सिग्नलचे रंग आम्ही अलिबाग-पेण रस्त्यावर जितक्या मनोभावे पाळतो तितक्याच मनोभावे आकाशातही पाळले जात असतील असं धरून चालू. भाच्याने मात्र आधी नकाशा उघडून आमचं आकाश हिरवं असल्याची खात्री करून घेतली. वाडीचे कर्ते नाना म्हणाले, "खालचं हिरवं आम्ही लावलं, वरचंही आमचंच म्हण की!"

उडण्याआधी ड्रोनला होकायंत्राचं भान आणावं लागतं. त्यासाठी तो हातात धरून स्वतःभोवती फिरायचं, मग उभा धरून पुन्हा फिरायचं. भाचा अंगणात अशा गिरक्या घेत असताना आत्याने देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. गिरक्या संपल्या तरी पडद्यावर तक्रार कायम, जवळपास लोखंड आहे. लोखंड नानांच्या हातात होतं. कोयता. तो ठेवायला ते तयार होईनात, कारण समोर कुंपणापलीकडे शेजारच्या वाडीचे दादा उभे होते, आणि त्यांच्याशी हद्दीचा वाद होता.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा नि लोखंडाचा हा झगडा अलिबागला नवा नाही. मुंबईच्या कुलाब्याला एकोणिसाव्या शतकापासून चुंबकीय वेधशाळा होती. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं आणि त्या विजेने सगळी मोजणी बिघडेल हे ओळखून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी नवी जागा शोधली ती अलिबागची. १९०४ पासून इथे नोंदी सुरू झाल्या, १९०६ पर्यंत दोन्हीकडे जोडीने मोजलं आणि ताळा जमल्यावर बिऱ्हाड पुरतं हललं. ट्राम धावली १९०७ ला. चुंबक विचलित होईल असं काही बांधकामात येऊ न देता उभारलेली ही वेधशाळा आजही काम करते आहे. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा जिल्हा, रायगड हे नाव १९८१ चं. म्हणजे वेधशाळा कुलाब्याहून निघाली आणि कुलाब्यात पोचली. पत्ता न बदलता बदली होण्याचं भाग्य सरकारी नोकरीत फार थोड्यांना लाभतं.

शेवटी नानांनी कोयता ओट्यावर ठेवला, त्यावर स्वतः बसले, आणि ड्रोन उडाला.

ड्रोनचा नकाशा हा एक फोटो नसतो. ड्रोन शेतातल्या नांगरासारखा जात-येत शेकडो फोटो काढतो. प्रत्येक फोटोचा बराचसा भाग, सत्तर-ऐंशी टक्के, शेजारच्या फोटोतही यावा लागतो. मग संगणक दोन फोटोंतल्या सारख्या खुणा शोधतो, त्यांवरून कॅमेरा कुठे होता हे काढतो आणि खालच्या जमिनीची लांबी, रुंदी, उंची मांडतो. त्याला आधार म्हणून जमिनीवर काही ठळक खुणा करायच्या आणि त्यांचे बिनचूक अक्षांश-रेखांश हाताशी ठेवायचे. सरकारनेही हेच केलं. २४ एप्रिल २०२० ला जाहीर झालेल्या स्वामित्व योजनेत गावोगाव घरांच्या हद्दी चुन्याने आखल्या जातात, वरून सर्व्हे ऑफ इंडियाचा ड्रोन जातो आणि ज्या गावठाणातल्या घराला कधी सातबारा नव्हता त्याला मिळकत पत्रिका मिळते. आपल्या राज्यात याची सुरुवात त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाली होती. सरकार स्वखर्चाने चुना लावतं आणि लोक रांगेत उभे राहून लावून घेतात, असं दृश्य एरवी दिसणं कठीण.

भाच्यानेही पहाटे चुन्याच्या फुल्या मारल्या. एक विहिरीजवळ, एक गोठ्यामागे, एक अंगणात. विहिरीजवळच्या फुलीवर कोंबड्या लोळल्या. गोठ्यामागच्या फुलीवर म्हैस बसली ती उठेना. अंगणातली मात्र नुसती टिकली नाही, फुलली. आत्याने सडा घातला, तिला अंगणात पांढरी फुली दिसली, ती अशुभ वाटली, म्हणून तिने भोवती आठ पाकळ्या काढून मध्ये हळदकुंकू वाहिलं. नकाशाच्या इतिहासात नियंत्रण बिंदूची पूजा झाल्याचं हे बहुधा पहिलंच उदाहरण. ड्रोनच्या फोटोत ती रांगोळी इतकी स्वच्छ आली की भाच्याने पुढच्या सगळ्या खुणा आत्याकडूनच काढून घेतल्या.

रात्री लॅपटॉप ओट्यावर आला. फोटो जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव ओपनड्रोनमॅप, त्याचा माणसाळलेला चेहरा म्हणजे वेबओडीएम. तयार झालेला नकाशा उघडायला क्यूजीआयएस, आणि या सगळ्यांच्या तळाशी, कुणाच्या नजरेला न पडता, नकाशाच्या एका भाषेतलं दुसरीत ओतून देणारं जीडाल. नानांनी व्यवहाराचा प्रश्न विचारला, "कितीला पडलं?"

"फुकट, नाना आजोबा."

"चोरीचं?"

"नाही हो. कुणीही घ्यावं, वापरावं, आतला कोड वाचावा, बदलावा, पुढे द्यावा असंच केलेलं आहे."

"मग कंपनीला काय सुटतं?"

"कंपनीच नाही."

नाना बराच वेळ गप्प बसले. ज्याची मालकी कुणाचीच नाही आणि तरी जे चालतं, अशी वस्तू त्यांना वाडीच्या व्यवहारात भेटलेली नव्हती. मला मात्र धेरंडचे मामा आठवले. ते खारेपाटातले. तिकडे समुद्राचं पाणी शेतात येऊ नये म्हणून खाडीच्या कडेला मातीचे लांबलचक बांध असतात, बाहेरकाठे. बांधाला उंदीर-खेकड्यांनी भोक पाडलं, उधाण आलं, की खांड पडते आणि खारं पाणी भातशेतीत घुसतं. बांध एकाचा नाही, फुटला तर बुडतात सगळे. म्हणून पूर्वी जोळ असायची. घरटी एक माणूस चिखलात उतरायचा आणि सगळे मिळून बांध घालायचे. ही फुकटची सॉफ्टवेअरं म्हणजे जगभरच्या लोकांनी घातलेली जोळच. ग्रास नावाचं प्रकरण १९८२ मध्ये अमेरिकेच्या लष्करी अभियंत्यांच्या प्रयोगशाळेत सुरू झालं. जीडाल १९९८ च्या सुमारास फ्रँक वॉर्मरडॅम या माणसाने लिहायला घेतलं. क्यूजीआयएस २००२ मध्ये अलास्कातल्या गॅरी शर्मनने, आणि ओपनड्रोनमॅपचा पाया स्टीफन मॅदरने घातला. कुणी अलास्कात ढेकूळ टाकलं, कुणी फ्रान्समध्ये, आणि अलिबागचा माणूस कोरड्या पायाने वर चालतो आहे. जोळीची जुनी अडचण इथेही आहेच. बांधाखाली शेत सगळ्यांचं असतं, चिखलात उतरायला ठरावीक घरंच येतात, बाकीचे काठावर उभं राहून बांध कसा वाकडा झालाय ते सांगतात. आणि खारभूमीचं काम सरकारने आपल्याकडे घेतल्यावर तिकडे काठावर उभं राहणाऱ्यांची संख्या वाढली, हेही मामाच सांगतात.

मामांच्या शेताचंच बघा. भाच्याने तिकडेही ड्रोन फिरवला, पण तिथे रांगोळी काढायला आत्या नव्हती. जमिनीवरचे बिंदू नसले की सॉफ्टवेअरचा एक ठरलेला दोष उफाळून येतो. सपाट जमीन मध्ये खोल आणि कडेला उंच, कढईसारखी दिसायला लागते. भाचा खजील होऊन म्हणाला, "मामा आजोबा, हे चुकलंय. तुमचं शेत असं खोलगट नाहीये, ही गणिताची गडबड आहे." मामांनी पडद्यावर बोट टेकवलं. "काय चुकलंय? बरोब्बर आहे. पाणी इथंच तुंबतं. चाळीस वर्षं अर्ज करतोय मी, कुणी ऐकत नव्हतं. ह्याची एक प्रत काढून दे." त्याने किती समजावलं तरी ऐकेनात. चुकीच्या पद्धतीने काढलेलं बरोबर उत्तर खोडायची परवानगी त्यांनी दिली नाही.

आमच्या वाडीच्या नकाशाला वेगळ्याच व्याधी झाल्या. महावितरणने मध्यरात्री दोनदा हजेरी घेतली, त्यामुळे अर्धी रात्र शिजलेलं सगळं पुन्हा चुलीवर चढवावं लागलं. लॅपटॉप इतका तापला की मांजर येऊन त्याच्या पाठीशी झोपलं. शिवाय नारळ हे झाड ड्रोनच्या दृष्टीने अत्यंत बेशिस्त. एका फोटोत झावळी डावीकडे, पुढच्यात उजवीकडे, आणि सॉफ्टवेअर तर न हलणाऱ्या खुणा शोधत असतं. समुद्राचं तर विचारूच नका. पाण्यावर धरून ठेवायला काही नाही, प्रत्येक लाट नवी. त्यामुळे वाडीच्या पश्चिमेला अरबी समुद्र असायला हवा तिथे काळ्या भोकांची चाळण आली. आणि ड्रोनला दिसतं ते वरचं. वर नारळ, त्याच्या खाली पोफळ, पोफळीवर मिरीची वेल, तिच्याखाली जायफळ, आणि वादाचं मूळ त्याच्याही खाली. नानांनी नकाशा बघितला आणि किंचाळलेच, "विहीर कुठाय माझी? काल होती!"

विहीर झावळ्यांखाली होती. पण तेवढ्यात भाच्याने नकाशा उपग्रहाच्या चित्रावर ठेवायला घेतला आणि संपूर्ण वाडीच गेली. अक्षांश १८.६ आणि रेखांश ७२.९. फाइलमध्ये कुठला आकडा आधी लिहायचा यावर जगातले शहाणे अजून एकमत करू शकलेले नाहीत. काही सॉफ्टवेअरं आधी अक्षांश मागतात, काही रेखांश. दोघांची अदलाबदल झाली आणि आमची नारळी-पोफळीची वाडी नॉर्वेच्या उत्तर टोकाच्याही पलीकडे, थंडगार समुद्रात तरंगताना दिसली. अष्टागरातून परदेशी गेलेल्या मंडळींत आता तिचंही नाव घ्यावं लागेल. सगळे हसत होते, एकटे नाना गंभीर होते. ते म्हणाले, "तिथं सीआरझेड लागतो का?"

प्रश्न चेष्टेचा नाही. भरतीरेषेपासून किती आत बांधायचं याचे नियम किनाऱ्यावर प्रत्येकाच्या मानगुटीवर असतात. स्वतःच्या वाडीत न्हाणीघर वाढवायचं तर माणूस चार कार्यालयं हिंडतो, आणि शेजारच्या वाडीत पोहण्याच्या तलावासकट बंगला उठतो. किहीमचा एक गाजलेला बंगला २०१९ च्या मार्चमध्ये सुरुंग लावून पाडला तेव्हा ते बघायला आमच्याकडची माणसं डबे घेऊन गेली होती म्हणतात. भरतीरेषा कुठे आहे हे सरकारी नकाशा ठरवतो. पण भरतीला तो नकाशा कुणी दाखवलेला नाही, ती अमावास्येच्या उधाणाला आपल्या मनाने येते.

आकडे उलटे करून वाडी परत आणली. दुसऱ्या दिवशी भाचा नकाशा छापायला अलिबागला गेला. तेवढा मोठा कागद कुणाकडेच नव्हता, म्हणून फ्लेक्सच्या दुकानात. दुकानदाराने फाइल बघितली, दहा बाय आठ म्हणाला आणि सवयीने विचारलं, "साहेबांचा फोटो कुठल्या कोपऱ्यात?" फोटो नको म्हटल्यावर त्याचा विश्वास बसेना. "निदान शुभेच्छुक तरी टाका, खाली सगळी जागा रिकामी राहते."

तो फ्लेक्स पडवीत टांगला आणि गाव लोटलं. वरून स्वतःचं घर बघण्यात काय जादू आहे कोण जाणे, जो तो आधी आपलं छप्पर शोधतो. छपरांवरून मग बोलणं निसर्ग वादळावर गेलं. ३ जून २०२० ला ते इथेच किनाऱ्याला धडकलं होतं. श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. तेव्हा भरपाई हेक्टरी ठरली आणि लोकांनी डोक्याला हात लावला, कारण इथे हेक्टर आहे कुणाकडे? दहा-वीस गुंठ्यांत नारळ, सुपारी, आंबा, फणस, सगळं खेटून. भरपाई झाडामागे द्या, अशी मागणी त्यातूनच पुढे आली. पण पडलेलं झाड मोजणार कोण, आणि आधी किती उभी होती हे सांगणार कोण? फ्लेक्ससमोर उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने बोट दाखवून आपले नारळ मोजले आणि म्हणाला, "हे वादळाच्या आधी काढायला हवं होतंस, बाळा." भाचा काही बोलला नाही. मला वाटतं, त्या सबंध खटाटोपात कुणी बोललेलं एवढं एकच वाक्य कामाचं होतं.

मग दादा आले. नाना आणि दादा चुलतभाऊ, दोघांच्या वाड्यांमध्ये चार फुटांची एक पट्टी आहे. पट्टीत तीन नारळ आहेत. वाद जमिनीचा आहे असं दोघंही म्हणत नाहीत, तत्त्वाचा आहे म्हणतात. भाच्याने सुरुवातीलाच सांगून टाकलं की या नकाशाला कायद्याने किंमत नाही, हद्द कायम करायची तर भूमी अभिलेखकडे मोजणीचे पैसे भरा. ते ऐकून दोघांनाही हायसं वाटलं. किंमत नसलेल्या नकाशावर माणूस मोकळेपणी भांडू शकतो.

"फुकटचंच आहे ना," नाना भाच्याला बाजूला घेऊन म्हणाले, "मग रेघ जरा पलीकडे सरकव."

भाचा हुशार निघाला. क्यूजीआयएसमध्ये नकाशावर हवे तितके थर चढवता येतात, प्रत्येकाच्या डाव्या बाजूला एक चौकोन असतो, त्यात टिचकी मारली की थर दिसतो, काढली की नाहीसा होतो. त्याने एका थराला नाव दिलं 'नाना', एकाला 'दादा', आणि ज्याने जशी सांगितली तशी हद्द आखून टाकली. नाना चहाला आले की पट्टी नानांकडे, दादा पेपर वाचायला आले की दादांकडे. दोघंही खूष. दोघांनीही वेगवेगळे येऊन मला सांगितलं की पोरगा गुणी आहे, ह्याला काय ते नेमकं कळतं. असली सोय एकाही महसूल कायद्यात नाही.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी दोघं एकदमच पडवीत शिरले. भाच्याने विजेच्या वेगाने दोन्ही टिचक्या काढल्या. पडद्यावर रेघच उरली नाही, नुसत्या झावळ्या, एकीत एक गुंतलेल्या, कुठली कुणाची ते ब्रह्मदेवालाही न कळणाऱ्या. दोघंही चष्मे पुसून वाकले. बराच वेळ बघितलं.

"हे बरं दिसतंय," दादा म्हणाले.

"दिसतंय," नाना म्हणाले. "पण ह्या मधल्या तिघांचे नारळ ह्या खेपेला कोण पाडणार, तेवढं आत्ताच ठरू दे."